पांढऱ्या पडद्यावरचा पिवळा फ्रॉक

"आई, आपल्या मोठ्या टीव्हीतली ती पिवळ्या फ्रॉकवाली मुलगी कोण आहे?"

प्रश्न भिंगरीचा नव्हताच मुळी. तो तिच्या मैत्रिणीच्या, लांबुडकीच्या डोक्यातून निघाला, दुसरीने, चष्मेवालीने त्याला धार लावली आणि दोघींनी मिळून तो भिंगरीच्या गळ्यात अडकवला. "हिंमत असेल तर विचार आईला. नाही विचारलंस तर उद्यापासून वर्गात तुझं नाव भागूबाई!" आता भिंगरीला भागूबाई म्हणायचं म्हणजे वाघाला मांजर म्हणण्यासारखं. यंदा नववीत गेल्यापासून तिच्या अंगात वारंच शिरलं होतं. शाळेची मुकी झालेली घंटा तिने उघडली, आतली तुटकी तार जोडली आणि घंटा अशी खणखणली की मोठ्या बाईंनी सगळ्या शाळेसमोर तिची पाठ थोपटली. तेव्हापासून "मला येतं" हे तिचं पालुपद. घरात काही बंद पडायचा अवकाश, ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर.

तेव्हा तिने विचारलं. मैत्रिणी दाराआड श्वास धरून उभ्या.

आई मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलेलं, शेजारी कॉलरींचा ढीग. आई शिवण कधी मध्येच सोडत नसे. कुणी मेलं तरी टाका पुरा करून उठेल, असं बाबा थट्टेने म्हणायचे. पण आज तिचा पाय मध्येच थांबला. सुई कापडात तशीच रुतून राहिली.

"पिवळा नव्हता," आई म्हणाली. "पांढरा होता."

आणि आपल्या तोंडून दुसरंच कोणी बोललं असावं तशी ती दचकली. "कसली मुलगी नि काय! जा, अभ्यास कर." मशीन पुन्हा धडधडू लागलं. संध्याकाळी बाबांनी दाखवलं तेव्हा कळलं, त्यानंतरच्या सात कॉलरी तिने उलट्या बाजूने जोडल्या होत्या.

मैत्रिणींचं म्हणाल, तर धावण्याच्या शर्यतीत कायम शेवटून पहिली येणारी लांबुडकी त्या दिवशी फाटकाबाहेर सगळ्यात आधी पोचली.

झालं होतं ते असं. पुढच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर बाबांची मॅच चालू होती, म्हणून तिघी मागच्या खोलीत गेल्या. तिथे चादरीखाली तो मोठा टीव्ही असायचा. मोठा म्हणजे चांगला कपाटाएवढा. भिंगरीला आठवतंय तेव्हापासून त्याच्यावर चादरच होती. तिने चादर ओढली, केबलची वायर आणून खोचली, आणि टीव्ही लागला! पण रंग असे पांगलेले की प्रत्येक माणसाच्या डाव्या खांद्याशी एक लाल माणूस आणि उजव्या खांद्याशी एक निळा. बातम्या देणाऱ्या बाई एकट्या असून तिघी दिसत होत्या. मुली हसून लोळायच्या बाकी होत्या.

मग चॅनेल बदलता बदलता बर्फाळ डोंगरांचा कार्यक्रम लागला. पडदाभर पांढरंच पांढरं. आणि त्या पांढऱ्यात, डावीकडे, एक पिवळसर फ्रॉक उभा होता. घेरदार, अर्ध्या बाह्यांचा. वर डोकं नाही, खाली पाय नाहीत. डोंगर सरकले, ढग सरकले, एक लांडगा धावत आडवा गेला. फ्रॉक जागचा हलला नाही. लांडगा त्याच्या आरपार गेला.

"कार्यक्रमातलं असेल गं," भिंगरी म्हणाली खरी, पण तिचा आवाज तिलाच परका वाटला. तिने चॅनेल बदललं. एक पांढऱ्या भिंतीचा दवाखाना. भिंतीपाशी फ्रॉक. पुन्हा बदललं. साबणाची जाहिरात, फेसच फेस. फेसात फ्रॉक.

"तुमच्या टीव्हीत कोणीतरी राहतंय," चष्मेवाली कुजबुजली.

त्या रात्री जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "तो डबा रविवारी भंगारात देऊन टाकू."

आईने उठून विनाकारण पाण्याचा तांब्या भरला. तो भरलेलाच होता, पाणी ओट्यावर सांडलं.

"भंगारात कशाला? मी दुरुस्त करते!" भिंगरी उसळली. "मला येतं!"

"हो, उंटावरची शहाणी."

"पुढच्या रविवारपर्यंत थांबा बाबा. नाही जमलं तर मी स्वतः ढकलत नेऊन देते."

बाबांनी आईकडे बघितलं. आई ओट्याकडे बघत होती. "पुढचा रविवार," बाबा म्हणाले. "त्यापुढे एक दिवस नाही."

गल्लीच्या टोकाला रेडिओवाल्या आजोबांचं दुकान होतं. दुकान कसलं, मेलेल्या रेडिओ-टीव्हींचं गोदामच. आजोबा तिला कारागीर म्हणायचे, आणि ते तिला भलतंच आवडायचं.

"या कारागीर. काय मोडलंत?"

तिने सगळं सांगितलं. फ्रॉकचं मात्र नाही. आजोबांनी एका मेलेल्या टीव्हीचं पोट उघडून दाखवलं. तळाशी तीन नळ्या, वर बघणाऱ्या तीन डोळ्यांसारख्या: लाल, हिरवी, निळी. प्रत्येकीवर जाड भिंग. तिघी आपापलं चित्र वरच्या आरशावर फेकतात, आरसा ते पडद्यावर मागून टाकतो.

"तिघींची चित्रं एकावर एक बसली की झालं एक चित्र. ती बसवणारे दोन आयसी, म्हणजे काळ्या चिपा असतात, ते जळले की रंग पांगतात. आयसी मी देतो. नळी आणि भिंगाच्या मध्ये पाणी असतं, नळीला थंड ठेवणारं. इतक्या वर्षांत निळीचं पाणी गढूळ झालं असणार, तेही बदल. पण ऐक, आधी प्लग काढायचा आणि अख्खा दिवस हात लावायचा नाही. बंद असला तरी ह्याच्या पोटात वीज दबा धरून बसते. नळीच्या जाड लाल वायरीला तू शिवायचंच नाही, ती मी येऊन मोकळी करीन. कानाला खडा लाव."

भिंगरीने खरंच कान धरला. मग न राहवून विचारलं, "आजोबा, समजा पडद्यावर एखादा डाग असेल, आणि तो जातच नसेल तर? पांढऱ्यावर पिवळा दिसणारा?"

आजोबांचे हात थांबले. "पांढऱ्यावर पिवळा म्हणजे तिथे निळा कमी पडतोय. तो डाग नाही पोरी. नळी भाजलीये. एकच चित्र फार वेळ थांबवून धरलं की ते नळीला भाजतं. निळी सगळ्यात जास्त राबते म्हणून तीच आधी भाजते. आणि चित्रात जे सगळ्यात उजळ असेल तेच उमटतं. पांढरं काही असेल तर पांढरं."

"फार वेळ म्हणजे? दोन तास?"

"दोन तासांनी काय होतंय! महिनेच्या महिने."

भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला. फ्रॉक पांढरा होता. आई खरं बोलली होती. म्हणजे ही मुलगी कधीतरी पडद्यावर आली होती आणि कोणीतरी तिला महिनोन्‌महिने जाऊच दिलं नव्हतं.

निघताना आजोबांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात ठेवलं. "निळी नळी. चांगली आहे. डाग नकोच असेल तर ही बसव. मात्र घरच्यांना विचारून."

प्लग काढून एक दिवस गेला, आजोबा येऊन वीज मोकळी करून गेले, आणि मग शाळा सुटली की भिंगरी मागच्या खोलीत. आयसी काढताना दोनदा चटका बसला, एकदा डाख द्यायच्या वितळलेल्या सोल्डरचा थेंब मोज्यावर पडला. निळीचं पाणी काढलं तर ते चहासारखं तपकिरी, वर शेवाळाची साय. नवं पाणी भरताना बुडबुडा अडकला, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. आई रोज दारापर्यंत यायची. आत यायची नाही. चौकटीला हात लावून उभी राहायची आणि "जेवायला चल" एवढंच म्हणायची. एकदा भिंगरी झटकन वळली, तर आई तिच्याकडे नाही, त्या काळ्या बंद पडद्याकडे बघत होती. पडद्यात आईचंच धूसर प्रतिबिंब होतं, आणि आई त्याच्या डावीकडे बघत होती.

रविवारी सकाळी सगळं बसवून टीव्ही लावला. आई तयार गणवेश पोचवायला बाहेर गेली होती. पडद्यावर तपासणीची चौकट उमटली: उभ्या-आडव्या रेघांची जाळी, मध्ये फुली. पण प्रत्येक रेघ अजून तीन रंगांची, थोडी थोडी सुटलेली.

"आता रिमोटने एकेक फुली हलवत बसायचं," भिंगरी घाम पुसत म्हणाली. "लालला इकडे ओढलं की निळा तिकडे पळतो, मेला!"

दारातून हसू ऐकू आलं. बाबा छापखान्यात रंगीत मशीनवर होते, वीस वर्षं. "सगळेच हलवत बसलीस तर जन्मभर बसशील. छपाईत आम्ही ह्याला रजिस्टर जुळवणं म्हणतो. एक रंग खिळ्यासारखा धरायचा. हिरवा धर. त्याला हात लावायचा नाही. बाकीच्यांना त्याच्याकडे आण."

आणि बाबा मांडी घालून शेजारी बसले. ते नखाएवढा फरक ओळखायचे. "डावीकडे. अजून. बस! केसभर मागे." आधी लाल हिरव्यावर बसला, रेघा पिवळ्या झाल्या. मग निळा सरकत सरकत आला, आणि एकेक रेघ पांढरी होत गेली, अंधारात कोणी एकेक दोरा ताणून बसवावा तशी. भिंगरीला नाचावंसं वाटत होतं. "बाबा, आपण दोघं म्हणजे कंपनी आहोत कंपनी!"

"आता कोरा पांढरा लाव," बाबा म्हणाले, आणि लगेच "नको" म्हणाले. पण तिचं बोट पडलं होतं.

पडदा लख्ख उजळला. आणि ती होती.

भिंगरीला वाटलं होतं दुरुस्तीने ती पुसट होईल. झालं उलटंच. गढूळ पाण्यामागे जो नुसता डाग होता, त्याला आता चुण्या होत्या. गोल कॉलर होती. कमरेला मागे बांधलेल्या पट्ट्याचं टोक होतं. एक बाही किंचित उचललेली, हात हलवून कोणाला बोलवावं तशी. चेहरा तेवढा नाही. चेहरा पांढरा नव्हता ना.

फक्त घेराची कड अजून हललेली होती, एकाखाली एक अशा पाच-सहा कडा. भिंगरी निळा वर-खाली करू लागली. "एवढंच बसत नाहीये बघा."

"ते नाही बसायचं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "ते रंगांचं नाही. ते हाताचं आहे."

"कोणाच्या हाताचं?"

पडद्याच्या उजेडात त्यांचे केस फार पांढरे दिसले.

"तुझ्या आधी आम्हाला एक मुलगी होती. तुझी ताई. सहा वर्षांची. शाळेच्या नाटकात परी झाली होती. तो फ्रॉक आईनेच शिवला होता, दोन रात्री जागून. कोणीतरी नाटकाची व्हिडिओ टेप काढली. आणि पंधरा दिवसांत... ताप आला. चार दिवसांचा ताप."

भिंगरीचं तोंड उघडं ते उघडंच. पंधरा वर्षं ह्या घरात ती बडबडत होती, आणि ह्या घराने तिला एवढं सांगितलं नव्हतं.

"मी कामावर गेलो की आई टेप लावायची. नाटकात एके ठिकाणी ती वळून हात करते. आईला. आई पहिल्या रांगेत होती ना. तिथे आई थांबवायची. टेप फार वेळ थांबत नाही, आपोआप सुटते, म्हणून टीव्हीवरच चित्र गोठवायचं बटण होतं ते दाबायची. संध्याकाळी माझी सायकल वाजली की बंद. दीड वर्ष. रोज त्याच जागी थांबवायचा प्रयत्न करायची, पण बोट कधी केसभर आधी पडायचं, कधी नंतर. त्या कडा बघतेस ना, ते तिचे दिवस आहेत. पुढे टेप झिजून तुटली. तोवर तू पोटात होतीस. मी चादर टाकली."

मग बाबा एकदम तिच्याकडे वळले. कोपऱ्यातल्या फडक्यातल्या नळीकडे त्यांनी बोट केलं. "ती बदल. आत्ता. आई यायला तासभर आहे."

"आईला न विचारता?"

"विचारलं तर ती नको म्हणेल, आणि मग तू मोठी झालीस, मी म्हातारा झालो, तरी ती त्या दारात उभीच. मी रोज बघतो गं. चादर आहे, टीव्ही बंद आहे, तरी ती उभी असते. काळजावर दगड ठेव आणि बदल. ती मला बोलेल, तुला नाही."

भिंगरीने प्लग काढला. तिला इतकंच कळत होतं की हात कामात असले तर डोकं शांत राहतं. लाल वायरीपासून हात लांब ठेवत, दोन स्क्रू काढून निळीवरचं नुसतं बाहेरचं भिंग तिने बाजूला ठेवलं आणि विजेरीचा उजेड आत टाकला. नळीच्या काचेवर तो होता, अंगठ्याएवढा, तपकिरी. खाली कॉलर, वर घेर, उलटा टांगलेला. बाही तेवढी हात करत होती. अंगठ्याएवढी ताई. जगातला कुठलाच फोटो असा नव्हता: कॅमेऱ्याने काढलेला नाही, नुसत्या बघण्याने उमटलेला. तिने भिंग परत बसवलं. स्क्रू आवळले. तिने प्लग लावला, पडदा पुन्हा पांढरा झाला, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

आई पिशवी घेऊन तशीच आली. ह्या खेपेला उंबऱ्याच्या आत आली. पडद्यासमोर उभी राहिली. तिने हात पुढे केला, आणि शिवणाऱ्या बाईचा हात तो, कापड तपासावं तसं घेराच्या कडेवरून बोट फिरवलं.

"इथे मी दुमड जास्त सोडली होती," ती म्हणाली. "वाढत्या अंगाची म्हणून."

तिने पिशवी खाली ठेवली.

"फोटो आहेत माझ्याकडे ट्रंकेत. पण फोटो काय, कोणीही काढतं. हे मी केलंय. बसून बसून." मग ती भिंगरीकडे वळली. डोळे कोरडे होते आणि तेच जास्त भयंकर होतं. "तू एवढं सगळं नीट केलंस. एवढा फ्रॉक पांढरा करता येईल का गं? पिवळा बघवत नाही मला. जुना झाल्यासारखा वाटतो."

"मला येतं" हे दोन शब्द भिंगरीच्या जिभेच्या टोकावर आले आणि तिथेच मेले. खरंच येत होतं तिला. नळी तर तिथेच पडली होती.

"येईल, आई. पण तो पांढरा केला की ती दिसणार नाही. मागचंही पांढरंच आहे ना."

आईचा हात पडद्यावरच राहिला. बाबांनी मान खाली घातली. टीव्हीच्या आत पंखा घुरघुरत होता. त्या उजेडात आई अशी दिसत होती की फ्रॉक तिच्या अंगावरच पडला होता, पदरावर, मनगटावर, आणि ती कुठे संपते नि फ्रॉक कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. भिंगरीला क्षणभर वाटलं, आता आपण काहीच बोललो नाही तर ही दोघं इथेच अशी गोठून जातील, आणि कोणीतरी बटण दाबून ठेवलेलं असेल, आणि कोणाची सायकल वाजणार नाही.

तिला रडू येत होतं. तिने नाक पुसलं, बाहीने, आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ऐका. मी ठरवलंय. नळी बदलणार नाही. बाबा, तुम्ही रागवा हवं तर. आणि भंगारातही नाही द्यायचा. हा टीव्ही उद्या पुढच्या खोलीत येणार, चादरीशिवाय, आणि आपण सगळं ह्याच्यावरच बघायचं. मॅच, बातम्या, फालतू मालिका, सगळं. तिच्यावरूनच बघायचं. पण आई, थांबवायचं नाही. एकदाही नाही. चित्रं चालती राहिली की बाकीची नळी पण हळूहळू झिजते, तिच्याएवढी होते. मग ती कमी कमी दिसत जाईल, आपोआप. किती वर्षं लागतील मला माहीत नाही, आणि घाई कोणी करायची नाही. आणि बघता बघता तिचं सगळं मला सांगायचं. परीचं काम कसं केलं तिने, चुकली का कुठे, कोणाशी भांडायची, सगळं. मला ताई होती आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नाही, हे मी आजपासून चालवून घेणार नाही."